मधला पट्टा

रविवार, ता. ३

पाय उचललाच नाही तिने! एकोणसाठ मिनिटं वाघिणीसारखं खेळायचं आणि शेवटी दिव्याच्या खांबासारखं उभं राहायचं, ह्याला काय म्हणावं? घड्याळात तीन सेकंद उरलेले. दोन-दोन. समोरच्या वीजवाल्यांना पेनल्टी कॉर्नर. चेंडू म्हणजे काही बंदुकीची गोळी नव्हती. चांगला रमतगमत, जेवायला बोलावलेल्या पाहुण्यासारखा आला आणि रेषा ओलांडून घरात शिरला. त्यानंतर बाईंनी लोळण घेतली. चेंडू गेल्यावर! दोन-तीन. उपांत्य सामना गेला.

असो. वहीला नमस्कार. ही वही नातीची, गणिताची, चौकोनांची. पुढे तिने भागाकार चुकवलेत, मागची निम्मी कोरी होती ती मी घेतली. मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा एका चौकोनात एक अक्षर ह्या हिशोबाने चाललंय. लिहायची हौस नाही. पण बोलायची बंदी झालीय, आणि पोटात राहिलं तर मला अपचन होतं.

बंदी अशी. जेवताना मी एवढंच म्हटलं, की गोलात एखादं स्टूल ठेवलं असतं तरी चेंडू त्याच्या पायाला लागून परत आला असता. तर मुलाने पेला आपटला. "आई, बस्स. पुढचा सामना होईपर्यंत ह्या घरात हॉकी हा शब्द कोणी काढायचा नाही."

"मग मी बोलू कशाबद्दल?"

"नळाबद्दल बोल."

मुलगा नळ दुरुस्त करतो. स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ तीन महिने ठिबकतोय, पण बोलायचं मात्र त्याच्याचबद्दल.

आणि तो भांडण मिटवतोय कोणाचं, तर बायकोचं. कारण टपालवाल्यांच्या गोलात उभी असते ती माझीच सून. दिवसभर टपाल कचेरीत पत्रं निवडते, संध्याकाळी पॅड बांधते. आपलंच नाणं खोटं, दुसऱ्याला काय बोलणार?

पंचाबद्दलही लिहायचंय. त्या माणसाला दिसत नाही. अशा माणसाच्या हातात शिट्टी देऊ नये. मी सगळं स्वतः पाहिलं. नात शेजारी बसून चेंडू कोणाकडे आहे ते सांगत होती, पण मला दिसत होतंच. पोरीला बोलायची हौस.

सोमवार, ता. ४

सूनबाई कामाला गेली ती लंगडत. नाटक. हरल्यावर सगळ्यांचेच पाय दुखतात.

संध्याकाळी शिट्टी आली होती. शिट्टी म्हणजे टपालवाल्यांची कोच. खरं नाव तिच्या आईलाही आठवत नसेल, शिट्टी तोंडातून निघतच नाही. चहासुद्धा ओठाच्या एका कोपऱ्यातून पिते. ती सूनबाईशी दारात बोलत होती आणि मी आत तांदूळ निवडत होते. कान काही निवडायला लागत नाहीत.

शिट्टी म्हणाली, "पण पॅड सुटलाच कसा?"

सूनबाई म्हणाली, "मधल्या पट्ट्याचं बक्कल लावायला विसरले. माझीच चूक."

बक्कल लावायला विसरली! मी तांदळात हात घालून तशीच बसले. नऊ वर्षं टपालवाल्यांच्या गोलात उभी राहतेय ही. घरातून निघताना कुलूप दोनदा ओढून बघते, गॅस तीनदा बघते, आणि पेनल्टी कॉर्नरला बक्कल लावायला विसरते?

मग म्हणाली, "मी थांबते आता. तिसऱ्या नंबरच्या सामन्याला नव्या पोरीला उभी करा."

हे समजायला हवं, म्हणून लिहिते. हरलेल्या दोन टीमचा आपसात सामना रविवारी सतरा तारखेला. आमची गाठ बँकवाल्यांशी. जो जिंकेल तो तिसरा, आणि तो पुढच्या वर्षी मोठ्या लीगमध्ये. हरेल तो घरी. सूनबाईचं वय चौतीस. आता बाहेर बसली, तर पुढच्या वर्षी तिला कोण विचारतंय? म्हणजे तिच्या सगळ्या खेळातलं लोकांच्या लक्षात राहणार ते एकच, तो रमतगमत गेलेला चेंडू. टपालात लोक तिला "पार्सल सुटलं वाटतं हातातून" म्हणायला लागलेत, हे नातीने शाळेच्या वाटेवर ऐकलं.

मला तिचा राग आलाय हे खरं. पण तिच्यावर बोलायचा हक्क माझा. टपालातल्या लोकांचा नाही.

पॅड मागितले. प्रत्येक सामन्यानंतर मी ते पुसते, वाळवते, एकेक पट्टा ओढून बघते. कुठे सैल वाटला तर शिवते. तीस वर्षं मी बॅगांच्या कारखान्यात दाभण चालवलं. कारखान्याच्या भिंतीला लागून हॉकीचं मैदान होतं. जेवणाच्या सुट्टीत भिंतीवर बसून हॉकी शिकले. नवरा गेला, कारखाना गेला, हॉकी राहिली.

सूनबाई म्हणाली, "पॅड क्लबात आहेत, आई."

नऊ वर्षांत पहिल्यांदा पॅड घरी आले नाहीत. राग माझ्यावर काढतेय. काढू दे.

बुधवार, ता. ६

आज हॉकीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, म्हणून घरचं लिहिते.

नातीच्या शाळेचा स्कर्ट मोठा होतो म्हणून गेल्या आठवड्यात मी खालून दुमडून कच्चे टाके घातले होते. त्याच गुरुवारी, ज्या दिवशी सामन्यासाठी पॅडचे पट्टे शिवले. आज मशीनवर पक्की शिलाई मारली आणि नातीला म्हटलं, कच्चा दोरा ओढून काढ. कच्चा दोरा म्हणजे काय, टोक धरून ओढलं की सुर्रकन निघतो, नाही तर तुटतो. पोरीने ओढला. निघेना. पाय भिंतीला लावून ओढला. तुटेना. शेवटी मुलाने त्याच्या पेटीतलं पातं आणून एकेक टाका कापला, आणि तरी स्कर्टला दोन भोकं पडली.

"आजी, हा दोरा आहे की तार?"

मी म्हटलं, "तुझ्या आजीचा हात आहे तो. कच्चं काम पण पक्कं होतं."

हल्ली दोराही चांगला येतो म्हणायचा.

मुलाने माझ्या खोलीतला दिवा बदलून मोठा लावला. न मागता. म्हणाला, "आई, तुझी अक्षरं फार मोठी व्हायला लागलीत." खरं आहे, आता एका अक्षराला दोन चौकोन लागतात. चौकोनच बारीक छापतात आताशा. आणि हा माझी वही बघतो की काय?

दारामागे शेजारीण उभी होती, तिला दोनदा "ये बस" म्हटलं. बसेना. नंतर कळलं तो रेनकोट होता. शेजारीणही अशीच, गप्प आणि ओली, त्यात माझी काय चूक?

शुक्रवार, ता. ८

आज मन हलकं झालं. भाजीबाजारात पंच सापडला!

पांढरा शर्ट, तसंच पोट, तसाच उभा राहायचा ऐटबाज ढंग. वांगी निवडत होता. मी पिशवी खाली ठेवली आणि सुरुवात केली. म्हटलं, वांगं तेवढं दोन्ही बाजूंनी बघून घेता, मग कॉर्नर देताना एकदा तरी बघायचं होतं. चेंडू त्यांच्याच पोरीच्या पायाला लागला होता. आमच्या नाही. म्हटलं, डोळे तपासून घ्या, लाज कसली त्यात, वय झालं की होतं. चांगली दहा मिनिटं बोलले. भाजीवाली वजन करायची थांबली. माणूस मोठा सभ्य, एक शब्द मधे बोलला नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "आजी, तुमचं सगळं पटलं. फक्त मी दातांचा डॉक्टर आहे."

नात भाजीच्या ढिगावर पडून हसायची बाकी होती.

पांढरा शर्ट घालून हिंडलं की असंच होणार. तरी बाबा, निघताना त्याने माझी वरची दाढ बघून दिली. फुकट.

घरी नातीने सांगितलं, आणि मुलगा हसला, सूनबाई पण हसली. रविवारपासून पहिल्यांदा. मग हसता हसता तिने माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरलं. म्हणाली, "आई, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तारीख दिलीय. पुढचा शुक्रवार."

मी म्हटलं, "डोळे त्या पंचाचे तपासा."

ह्याआधी दोनदा तारीख घेऊन मी पळालेय. एकदा तर दवाखान्याच्या मागच्या दाराने. मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो, असं मी ऐकलंय. ह्या म्हणतात आता तसं काही नसतं. म्हणोत.

शनिवार, ता. ९

सरावाला जाऊन आले. बोलायची बंदी आहे, बघायची नाही.

सूनबाई नव्हती. गोलात नवी पोर, पार्सल विभागातली. उंच आहे, चपळ आहे, उडी इतकी सुंदर मारते की चित्र काढावं. चेंडू गेल्यावर. दहा कॉर्नर मारले, सात आत. नात मोजत होती.

शिट्टी माझ्या बाजूला येऊन बसली. "मावशी, तुमच्या सूनबाईला काहीतरी सांगा."

"मी सांगितलं म्हणूनच ती रुसलीय."

"काय सांगितलंत?"

"स्टूल बरं म्हटलं."

शिट्टीने अशी काही शिट्टी फुंकली की तिकडे मैदानात सगळ्या पोरी धावायच्या थांबल्या.

परत येताना मी नातीला म्हटलं, बक्कल विसरणं हे काही मला पटत नाही. नात म्हणाली, "आजी, तू विसरतेस की." मी काय विसरते ते विचारलं, तर म्हणाली, "चष्मा. आता पण डोक्यावर आहे." होता.

रविवार, ता. १०

बसले आहे. लिहिते.

सकाळी नळ फारच ठिबकायला लागला. मुलगा लोकांच्या नळाला गेलेला. म्हटलं, वॉशर तर बदलायचा, त्यात काय पदवी लागते? जिन्याखाली त्याचं सामान असतं, तिथे शिरले. अंधारात सगळं हातानेच बघायचं. पाइप, पाने, जुना बंब. आणि मागे कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी मऊ आणि जड. हाताला लागताच कळलं. नऊ वर्षं जे मांडीवर घेतलंय ते ओळखायला डोळे कशाला?

डावा पॅड. क्लबात होता ना?

वरचा पट्टा धड. खालचा धड. मधला लोंबत होता. बक्कल लावलेलं होतं. घट्ट. बक्कल विसरली नव्हती ती. पट्टाच शिवणीतून उसवला होता, मुळापासून.

दोऱ्याचं टोक हाताला लागलं. मेण होतं त्यावर, माझंच मेण, मीच मेणबत्तीवरून दोरा ओढते दर वेळी. टोक दातात धरून ओढलं. तुटलं. शेवईसारखं.

पट्ट्यांचा दोरा दाताने तुटत नाही. तीस वर्षांत कधी तुटलेला नाही. त्याला पातं लागतं.

आणि स्कर्टला पातं लागलं.

दोन्ही रिळं एकाच डब्यात असतात. दोन्ही करडी. आधी वरची चिठ्ठी वाचून घ्यायचे. मेण लावल्यावर बोटाला दोन्ही सारखीच.

नळ अजून ठिबकतोय.

सोमवार, ता. ११

काल त्यापुढे लिहिलं नाही.

आज सूनबाई कामावरून आली, चप्पल काढली. मी पॅड मांडीवर घेऊनच बसले होते. ती बघितल्यावर उभीच राहिली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पट्टा सुटला तेव्हापासून."

"मग बक्कल, बक्कल काय लावलं होतंस आठ दिवस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा सुई हातात धरली नसती."

"आणि खेळ सोडायचं नाटक?"

ती पाट ओढून खाली बसली. म्हणाली, "खेळायचं तर पट्टे कोणीतरी शिवायला हवेत. तुम्हाला द्यायचे तर भीती. बाहेर द्यायचे तर तुम्ही विचारणार, का? त्यापेक्षा खेळच नको, म्हटलं. प्रश्नच मिटला."

असली बावळट बाई मी जन्मात बघितली नाही. घरात माणसं पोटदुखीसाठी खोटं बोलतात, उशीर झाला म्हणून बोलतात. ही आख्ख्या गावाच्या शिव्या खात बसली, तर म्हणे सासूला वाईट वाटू नये. आणि सासू इकडे रोज जेवणाबरोबर स्टूल वाढतेय!

मी म्हटलं, "उद्या सरावाला यायचं. माझ्याबरोबर."

"आई, कशाला? झालं ते झालं."

"मी विचारलं नाही. सांगितलं."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं आमच्या बाई शाळेत सांगायच्या. मुसळ नव्हे, मोतीबिंदू. बाकी बरोबर.

रात्री झोप बरी लागली. म्हणजे अपराधी माणसाला झोप लागत नाही हेही खोटंच.

मंगळवार, ता. १२

गेले. सगळ्या पोरी गोल करून उभ्या होत्या, मधे शिट्टी. मी नातीचा हात धरून सरळ त्यांच्या मधे जाऊन उभी राहिले. सूनबाई मागून "आई, आई" करत होती.

मी शिट्टीच्या हातात दोऱ्याचा तुकडा दिला. "ओढ."

तिने ओढला. तुटला.

"ह्या दोऱ्याने मधला पट्टा शिवला होता. मी. बक्कल लावलेलं होतं. ज्या कोणी हिला पार्सल म्हटलं असेल, तिने उद्यापासून मला म्हणायचं. मी उत्तर देईन."

पार्सल विभागातली नवी पोर बुटाने माती उकरायला लागली. म्हणजे कोणी म्हटलं ते कळलं.

आणि शिट्टीने शिट्टी तोंडातून काढली! नात शपथेवर सांगते की खालचा ओठ शिट्टीच्या मापाचा झालाय. शिट्टी सूनबाईला म्हणाली, "तू पट्टा तपासला का नाहीस? गोलकीपरने पट्टा ओढून बघायचा असतो."

सूनबाई म्हणाली, "बाकीचं सगळं तपासते. आईंनी शिवलेला पट्टा मी कधीच तपासला नाही."

मी भडकलेच. "तपासायचा असतो! सासूवर कोण विश्वास ठेवतं?"

पोरी हसल्या. शिट्टी पण. नवी पोर पुढे आली आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच उभ्या राहा. मला कॉर्नरला डोळे मिटायची सवय आहे." खरं बोलली. ह्या पोरीचं पुढे बरं होईल.

सूनबाई म्हणाली, "उभी राहीन. पण एका अटीवर. शुक्रवारी आई दवाखान्यात जातील आणि पुढच्या दाराने आत शिरतील."

अट कोणाला घातली? शिट्टीला. मला विचारलंसुद्धा नाही. अशी सून करून आणली मी! म्हणजे आणली मुलाने, पास मी केली. पहिल्या भेटीत विचारलं होतं, "उजवीकडे झेपावतेस तेव्हा डावा पाय मागे का राहतो?" तर म्हणाली, "राहत नाही, तुम्ही चुकीच्या बाजूला बसता." तेव्हाच हो म्हटलं.

गुरुवार, ता. १४

पट्टे शिवले. मी नाही, सूनबाईने. मी पाटावर बसून हुकूम सोडले.

आधी मुलाने हौसेने दाभण घेतलं. तीन टाक्यांत स्वतःची बाही पॅडला शिवली. त्याला नळाकडे पाठवला. (वॉशर बदलला शेवटी. आता ठिबकत नाही, धार लागते.)

सूनबाईला म्हटलं, दोरा आधी दातात. तुटला तर कच्चा. तुटला नाही तर पक्का. मग मेण. आधी मेण लावायचं नाही, मेण सगळ्यांनाच सारखं दाखवतं. वरचं कापड आणि आतली पट्टी दोन्ही धरायची. टोकाला सात टाके उलटे. ती म्हणाली, "पाच पुरे नाहीत?" मी म्हटलं, "पाचवर तुझ्या आईचं चालत असेल." तिने आठ घातले. मुद्दाम.

वाकडे आले टाके. उसवून पुन्हा घालायला लावले. दुसऱ्या वेळीही वाकडे, पण घट्ट. मी आणि नात दोघी पट्ट्याला लोंबकळून बघितलं. नात पडली, पट्टा नाही.

उद्या डोळ्याचं ऑपरेशन. भीती वाटत नाही. पिशवी भरून ठेवलीय. मागचं दार कुठे आहे ते फक्त माहिती असावं म्हणून लक्षात ठेवलंय.

शनिवार, ता. १६

पट्टी सकाळी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिहायचं नाही, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, मैदानात तर नाहीच. तेव्हा थोडंच लिहिते. बघा, पुन्हा एका चौकोनात एक अक्षर!

एवढी धूळ माझ्या घरात आहे हे मला कोणीच कसं सांगितलं नाही? घड्याळावर, पंख्यावर, मुलाच्या डोक्यात पांढरे केस. हा कधी म्हातारा झाला? रेनकोट हिरवा आहे. मी निळा समजत होते.

हे सगळं ठीक. लिहायला बसले ते वेगळ्यासाठी.

दुपारी सूनबाई बाजेवर बसून मोजे चढवत होती. डाव्या नडगीवर, मधल्या पट्ट्याच्या बरोबर उंचीला, मुठीएवढा डाग. मधे काळानिळा, कडेने पिवळा पडत चाललेला. दोन आठवड्यांपूर्वीचा.

मी विचारलं, "हे काय?"

"काही नाही. लागला होता चेंडू."

"कुठला?"

ती मोजा वर ओढायला लागली. मी तिचा हात धरला. मग म्हणाली, "तोच."

म्हणजे असं झालं होतं. चेंडू बंदुकीच्या गोळीसारखाच आला होता. पाय उचलला होता तिने. पट्टा सुटला, पॅड बाजूला फिरला, आणि ती उघड्या नडगीने आडवी आली. चेंडू हाडावर आपटला म्हणून मंदावला. म्हणून रमतगमत गेला. म्हणून ती पडली. म्हणून लंगडत होती.

आणि मी पहिल्या पानावर काय लिहून ठेवलंय ते वर आहेच. खोडणार नाही. खोडलं तर पुन्हा विसरेन.

तिला म्हटलं, "तेल लावून देते."

म्हणाली, "तुम्हाला वाकायला बंदी आहे."

"मग पाय वर घे, उचलता येतो ना?"

तिने उचलला, सरळ माझ्या मांडीवर ठेवला. बाई जड आहे.

रविवार, ता. १७

सगळ्यांना हाकलून दिलंय मैदानावर. मुलगा म्हणत होता, "मी थांबतो तुझ्याजवळ." मी म्हटलं, नळ थांबला नाही तुझ्याच्याने, तू काय थांबणार. गेला.

जाताना सूनबाईने दारात तिन्ही पट्टे माझ्यासमोर ओढून दाखवले. वरचा, खालचा, मग मधला. मधला दोनदा. शिकली.

मैदान दोन गल्ल्या पलीकडे. खिडकी उघडली की ऐकू येतं. चाळीस वर्षं ऐकलंय मी, डोळे नसले तरी मला सामना दिसतो. पहिला ओरडा झाला तो आखूड, दबलेला, म्हणजे बँकवाल्यांचा गोल. मग बऱ्याच वेळाने लांबलचक, भांडी वाजवल्यासारखा. आपला. एक-एक.

त्यानंतर नुसता गलका. दोनदा पंचाला शिव्या ऐकू आल्या. मनाला बरं वाटलं.

घड्याळ आता स्पष्ट दिसतं. सामना संपायला एक मिनिट असेल नसेल. आणि आत्ता तिकडे एकदम शांत झालंय. अशी शांतता फक्त पेनल्टी कॉर्नरला होते. कोणाचा ते शांततेवरून कळत नाही. ते एवढंच एक कधी कळत नाही.

ओरडा झाला. मोठा. खूप मोठा, थांबतच नाहीये. पण बँकवालेही पुष्कळ आले होते म्हणे.

गल्लीत पावलं वाजतायत. पळत येणारी नातीची. मागून जड, मुलाची. त्यामागे पॅड न काढताच चालणारं कोणीतरी, फटक फटक.

आधीच सांगून ठेवते, म्हणजे दारात गोंधळ नको. मुलाने सांगायचं नाही, त्याला स्टिक आणि झाडू सारखेच. नातीने सांगायचं नाही, ती हरलेलं पण जिंकल्यासारखं सांगते. शिट्टी आली तर तिने चहा प्यायचा आणि गप्प बसायचं. पाय उचलला का, हे मी विचारणार नाही. ते मला माहीत आहे. मधला पट्टा टिकला का, एवढंच विचारणार, आणि त्याचं उत्तर सूनबाईनेच द्यायचं.